तळाचं शिसं

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात बाबा दिसले
की दुकानदार चहा मागवायचे,
आणि बाबा तो पीत नसत.
वजनमापे खात्याचे निरीक्षक, गमलिएल साळवे.
सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी,
पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं
रविवारच्या कपड्यांसारखी जपलेली.

सुट्टीत मी बरोबर जायचे.
बाबा आधी तराजू उचलत, काहीही न घालता.
"रिकामाच झुकत असेल तर पुढचं सगळं फुकट."
मग दुकानातलं वजन हातात घेऊन
ते उलटं करत.
लोखंडाच्या तळाशी खळगा असतो एक,
खळग्यात शिसं, शिशावर सरकारी मोहर.
लबाड माणूस वरून कशाला हात लावत नाही.
तळाचं शिसं कोरून काढतो.
काटा मग अगदी सरळ उभा राहतो
आणि गिऱ्हाईक घरी कमी डाळ नेतं.

"काट्याची चूक नाही, सुवार्ता," बाबा म्हणत,
"तो एवढंच सांगतो, की हे त्याच्याइतकं आहे.
ते स्वतः किती आहे, हे त्याला कुठून कळणार?"

रूबेन आजारी पडला तेव्हा मी अकरा वर्षांची.
त्याचे पाय आधी जड झाले, मग मुके.
मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर फाइल वाचत
आणि पान उलटत.
तेव्हाच मुरारच्या चर्चमध्ये झाशीहून एक उपदेशक आले,
पांढरा सदरा, आवाज घंटेसारखा.
घरी आले, खाटेपाशी उभे राहिले,
आणि पायऱ्या उतरावं तसं बोलले:
दुखणं पापातून येतं.
हे मूल दुखण्यात आहे.
म्हणजे या घरात पाप आहे. शोधा, कबूल करा, मूल चालेल.

आईने हात जोडले.
शोधण्यासारखं काहीतरी मिळालं होतं तिला.

बाबा खुर्चीत पुढे सरकले.
"काटा सरळ आहे, पाळकसाहेब.
ते पहिलं वाक्य जरा उलटं करून दाखवा."

उपदेशक हसले. विश्वासात तर्क आणू नये, म्हणाले.
"आणलात तुम्ही, तीन पायऱ्यांचा.
मी फक्त तळ बघतोय.
हेच वजन शिष्यांनीही एकदा पारड्यात टाकलं होतं,
एका जन्मांधाच्या बाबतीत.
प्रभूने ते उचलून बाजूला ठेवलं."

पाहुण्यांचा चहा तसाच राहिला.
मला वाटलं, बाबा जिंकले.

रात्री स्वयंपाकघरातून आईचा आवाज:
"त्यांचं वजन खोटं होतं, मान्य.
तुमच्या पारड्यात काय आहे, दाखवा ना.
मी कशावर तोलू हे पोर?"
भांडं आपटलं नाही. रडणंही नाही.
बाबांच्या उत्तराची वाट बघत मी जागी राहिले.
ते आलं नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी
बाबा तिच्या शेजारी फरशीवर बसले, मटार सोलू लागले.
"सलोमी, त्या दिवशी मी रिकामा तराजू तपासला नव्हता.
बोललो ते खरं होतं.
पण मला त्या माणसाला हरवायचं होतं,
तुझ्यासमोर, पोरांसमोर.
काटा आधीच कलला होता, माझ्याच बाजूला."

आईने त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली.
"अळी आहे हिच्यात," ती म्हणाली,
"बघा तरी, निरीक्षकसाहेब."

रूबेन चालला नाही.
पाप घरात होतंच, कुठल्याही घरात असतं तेवढं,
पण त्याचा आणि पायांचा हिशेब
पुन्हा कुणी जोडला नाही.
प्रार्थनेत बाबा आता आमेनच्या आधी थोडं थांबत.
आई डोळे उघडून त्यांच्याकडे बघायची,
आणि मी तिच्याकडे.

ती पेटी खात्याकडे परत गेली.
बाद झालेलं एक पाव किलोचं वजन तेवढं राहिलं,
रूबेन औषधांच्या पावत्या त्याखाली दाबतो.
पाहुण्यांची पोरं ते उचलतात, तळहातावर नाचवतात,
म्हणतात, केवढं जड आहे!

रूबेन चाकाच्या खुर्चीतून हात पुढे करतो.
"उलटं कर," म्हणतो.